पालीच्या पायासारखी चिकटणारी, धुऊन पुन्हा वापरता येणारी ‘नॅनो टेप’ खरंच टिकते का? भाड्याचं घर आहे, खिळे ठोकायला मनाई आहे.

काचेवर टिकते. भिंतीचं मात्र तुमच्या रंगाऱ्याला विचारा.

हे मी कुठल्या अधिकाराने सांगतोय म्हणाल, तर लोअर परळला दुकानांच्या काचांवर व्हिनाईल चिकटवण्यात माझी वीस वर्षं गेलीत. घरात मला ‘गमवाला’ म्हणतात. नाव ठेवलंय आमच्या भावोजींनी. ते इंजिनिअर.

तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये ताई-भावोजी भांडुपला भाड्याने राहायला गेले. मालकाची तीच अट, एकही खिळा नको. पूजेला आम्ही सगळे जमलो होतो. भावोजींनी त्यांच्या वडिलांचा फोटो खोक्यातून बाहेर काढला, सागाची फ्रेम, पुढे काच, वजन दोनेक किलो. मागे हीच टेप चार ठिकाणी लावायला घेतली. मी भिंतीवरून हात फिरवला तर तळवा पांढरा झाला. म्हटलं, “भावोजी, डिस्टेंपर सुटतोय, इथे नका लावू.” तर सगळ्यांसमोर म्हणाले, “अरे गमवाल्या, हे पालीचं तंत्र आहे. घोरपडीला दोर बांधून मावळे सिंहगड चढले आणि तू फोटोला घाबरतोस?” ताईसुद्धा हसली.

आता, घोरपडीची ती गोष्ट लोककथाच आहे. ती खरी धरली तरी घोरपड चिकटत नाही, ती नखं रुतवते. पालीचा प्रकारच वेगळा. तिच्या एकेका पायाच्या तळव्याखाली पाचेक लाख केस असतात, आपल्या केसाच्या साधारण एक दशांश जाडीचे, आणि प्रत्येकाचं टोक शेकडो ठिकाणी फुटलेलं. ती टोकं भिंतीच्या इतक्या जवळ जातात की रेणूंमधलं किरकोळ आकर्षण, व्हॅन डर वाल्स बल, तिचं वजन पेलतं. गम नाही, ओल नाही. असल्या एका केसाचं बळ 2000 साली शास्त्रज्ञ केलर ऑटम आणि मंडळींनी मोजलं. केस दाबून किंचित ओढला की धरतो, तिरका उचलला की सुटतो. संध्याकाळी दुकानात ट्यूब लागली की बाहेरून काचेवर पाल येते, मी आतून तिचे पाय बघतो. पांढरट घड्या-घड्यांचे तळवे आणि पाऊल उचलताना बोटं टोकाकडून उलटी गुंडाळलेली. मीही व्हिनाईल कोपऱ्यातूनच सोलतो, सरळ ओढत नाही.

असो. जुलैत रात्री अडीच वाजता ताईचा फोन आला. फोटो पडला होता, हॉलभर काच. सकाळी मी गेलो आणि फ्रेम उलटी करून पाहिली. चारही तुकडे जागच्या जागी, घट्ट. प्रत्येकावर पिस्ता रंगाचा एकसंध पापुद्रा आणि त्याच्या मागे लांबीची, म्हणजे रंगाखालच्या पुट्टीची, पांढरी पूड. टेपने काहीच सोडलं नव्हतं, भिंतीने रंग सोडला होता. भावोजी आजही म्हणतात, “टेप डुप्लिकेट निघाली.”

मुळात रस्त्यावर मिळते ती पालीची टेपच नव्हे. हात लावून बघा, बोटाला चिकटते. म्हणजे तो मऊ जेलसारखा गमच, धूळ धुतली की पुन्हा चिकटतो, इतकंच. पालीसारखे केस असलेली टेप मँचेस्टरच्या आंद्रे गाइम यांच्या गटाने 2003 मध्ये करून पाहिली होती. केस एकमेकांनाच चिकटून बसायचे आणि थोड्याच वापरात पकड जायची. मॅसॅच्युसेट्समध्ये 2012 साली दाखवलेल्या तळहाताएवढ्या पट्टीने तीनशे किलोच्या वर वजन पेललं, पण कशावर? काचेवर! आणि भावोजींसाठी खास: त्याच गाइम यांना 2010 चं नोबेल ग्राफीनसाठी, म्हणजे एका अणूच्या जाडीच्या कार्बनच्या पापुद्र्यासाठी, मिळालं. ते त्यांनी ग्रॅफाइटवरून साध्या चिकटपट्टीने सोलून काढलं होतं. गमवाल्याच्या चिकटपट्टीने.

तुमच्या घरी ऑइल पेंट असेल आणि तो भिंतीला नीट धरून असेल तर हलकं काही लावून बघायला हरकत नाही. स्वयंपाकघरातल्या टाइल्स, फ्रिज, आरसा इथे खुशाल वापरा. धुतल्यावर टॉवेलने पुसू नका, तंतू बसतात, तशीच वाळू द्या. पलंगाच्या डोक्याशी काचेचं काही लावू नका. आणि जड फ्रेम असेल तर मालकाला विचारून सरळ एक खिळा ठोका, घर सोडताना चिमूटभर लांबी भरा, वरून रंगाचं बोट फिरवा. ताईच्या भिंतीवरचे चार खड्डे बुजवायला मला अख्खा रविवार लागला.

फोटो सध्या शोकेसवर टेकवून ठेवलाय. भावोजी म्हणतात, तिथेच जास्त शोभतो.