कोषातून फुलपाखराऐवजी माश्या का निघाल्या?

प्रश्न : कुंडीतल्या कढीपत्त्यावरच्या मोठ्या हिरव्या अळ्या मुलीने बरणीत ठेवल्या. तीन कोष झाले. एकातून फुलपाखरू आले, पण पंख चुरगळलेले. दुसऱ्याला भोक पडून बारीक काळपट माश्या निघाल्या. तिसरा काळा पडून वास मारू लागला. आमचे काय चुकले?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तिन्हींची कारणे वेगळी आहेत आणि दुसऱ्या कोषाच्या बाबतीत बरणीचा काही दोष नाही.

कढीपत्त्यावर शहरात बहुधा लाइम बटरफ्लाय किंवा कॉमन मॉरमॉन अंडी घालते. कोषातून बाहेर पडलेल्या फुलपाखराचे पंख ओले आणि आखूड असतात. ते वर चढून लटकते, अंगातला द्रव पंखांच्या शिरांमध्ये ढकलते, मग पंख उलगडून वाळतात. या सगळ्याला तास-दोन तास लागतात. काचेवर पायांना पकड मिळाली नाही की ते खाली घसरते, पंख दुमडलेल्या अवस्थेतच वाळतात आणि मग कशानेही सरळ होत नाहीत. म्हणून बरणीत सुरुवातीपासूनच खडबडीत काटकी तिरकी उभी करावी आणि तोंडाला झाकणाऐवजी मलमलचे फडके बांधावे. बरणी निदान आठ-दहा इंच उंच हवी.

दुसऱ्या कोषातल्या माश्या म्हणजे सूक्ष्म गांधीलमाश्या. टेरोमॅलस जातीची मादी कोष करायला टेकलेल्या अळीजवळ, कधी तिच्या अंगावरच, वाट पाहत थांबते. अळीने शेवटची कात टाकली की कोष काही तास मऊ असतो, तेवढ्यात ती त्यात अंडी घालते. एका कोषातून अशा शंभराहून जास्त माश्याही निघू शकतात. बरणीत बियांसारखे तपकिरी दाणे पडलेले दिसले, तर ते टॅकिनिड माशीचे कोष समजा. अळी बाहेर झाडावर असतानाच ही माशी तिच्यावर अंडी घालते. मोठी झालेली अळी आणली की हा पाहुणा बहुतेकदा सोबतच येतो. त्यापेक्षा कोवळ्या पानावरचे पिवळसर मोहरीएवढे अंडे आणा, किंवा पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी लहान अळी. माश्यांना मात्र मारू नका, बागेत सोडा. याच अळ्या लिंबाची पानेही खातात, त्यामुळे लिंबाच्या बागायतदाराचे त्या माश्या फुकटात काम करतात.

तिसरा कोष रोगाने गेला. बंद बरणीत पानांची वाफ साचते, विष्ठेवर बुरशी येते आणि जिवाणू-विषाणू फोफावतात. विष्ठा रोज काढा, तळाशी कागद घाला, तो बदलत राहा. मऊ पडून काळवंडलेली अळी लगेच वेगळी करा, बरणी साबण आणि गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवा. डहाळी ताजी ठेवायला पाण्याची छोटी बाटली चालते, पण तिचे तोंड कापसाने बंद करा, नाहीतर अळ्या आत शिरून बुडतात. बाजारातला कढीपत्ता फवारलेला असण्याची शक्यता असते, तो घालू नये.

आणखी दोन गोष्टी पालकांना घाबरवतात. अळी दिवसभर न हलता बसली तर ती कात टाकते आहे. तिला हात लावू नका. पूर्ण वाढलेली अळी पातळ विष्ठा टाकून सैरावैरा फिरू लागली, तर ती आजारी नाही, कोषासाठी जागा शोधते आहे. अंडे फुटायला ३-४ दिवस, अळीला साधारण दोन आठवडे आणि कोषाला ८-१० दिवस लागतात, थंडीत जास्त.

प्रश्न : संत्र्याला सुईने टोचल्यासारखे भोक पडून फळे गळतात. फवारणी करूनही फरक नाही.
– एक वाचक, वरूड

उत्तर : आधी गळलेले फळ कापा. आत पांढऱ्या अळ्या असतील तर फळमाशी. तिच्यासाठी मिथाइल युजेनॉलचे, म्हणजे नर माश्यांना ओढणाऱ्या वासाच्या द्रव्याचे, सापळे लावा. अळ्या नसतील आणि भोकाभोवती दाबल्यावर रस उडत असेल, तर हा रस शोषक पतंग आहे. तो अंधार पडल्यावर येतो, कडक सोंडेने साल भेदून रस पितो. त्या भोकातून बुरशी शिरते आणि फळ गळते. त्याची अळी संत्र्यावर नसतेच. ती बांधावरच्या गुळवेल, वासनवेल, चांदवेलीवर वाढते, म्हणून दिवसा झाडावर केलेली फवारणी वाया जाते. बागेला लागून असलेल्या या वेली काढा आणि गळलेली फळे रोज उचलून पुरा, कारण सडक्या फळांच्या वासावर पतंग येतात. संध्याकाळी ओलसर गवताचा धूर करा. आमिषासाठी २ लिटर पाण्यात २०० ग्रॅम गूळ, गळलेल्या फळांचा अर्धा लिटर रस आणि २० मिली मॅलाथिऑन ५० टक्के मिसळून रुंद तोंडाच्या बाटल्यांत भरा आणि झाडांमध्ये ठेवा. मुले आणि जनावरे तिथे पोहोचणार नाहीत हे पाहा.

प्रश्न : शेवग्याच्या खोडावरचे घुले (केसाळ अळ्या) अंगाला लागून पुरळ उठले. काय करावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : चोळू नका, केस तुटून आणखी आत जातात. त्या जागी चिकटपट्टी लावून उपटा, दर वेळी नवी पट्टी घ्या. मग साबणाने धुऊन थंड पाण्याची पट्टी ठेवा, कॅलामाइन लावा. डोळ्यात केस गेला किंवा धाप लागली तर थेट डॉक्टरकडे. अंगावरचे कपडे वेगळे धुवा. घुले दिवसा खोडावर पुंजक्याने बसतात, तेव्हा लांब दांड्याच्या झाडूने साबणाच्या पाण्यात पाडा. त्यांना जाळायला पलिता लावला तर खोडाची साल भाजते. टाकलेल्या कातीतही केस असतात, त्या उघड्या हाताने गोळा करू नका.

प्रश्न : राज्य फुलपाखरू आमच्या बागेत येईल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नीलवंत, म्हणजे ब्लू मॉरमॉन, २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू झाले, पण ते दुर्मीळ नाही, मुंबई-पुण्यातही दिसते. फुले लावल्याने ते मध प्यायला येईल. अंडी घालायला मात्र त्याला लिंबूवर्गीय झाड लागते. जागा असेल तर पपनस लावा आणि पाने कुरतडलेली दिसली तरी फवारू नका.