शुक्रवार धरून या : वाचकांचे प्रश्न, म्हापशाहून उत्तरे

प्रश्न : आम्ही सहा जण, आई-वडील धरून, पहिल्यांदाच गोव्याला येतोय. समुद्र आमच्याकडेही आहे, त्याचं अप्रूप नाही. गोव्यातली शहरं, बाजार आणि रोजचं खाणं बघायचं आहे. हातात तीन दिवस आहेत. सुरुवात कुठून करावी? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : त्या तीन दिवसांत एक शुक्रवार येईल असं बघा. बाकी सगळं पुढेमागे झालं तरी चालेल. शुक्रवार म्हणजे आमचा म्हापशाचा बाजार. कोकण रेल्वेने थिवीला उतरलात की म्हापसा अगदी जवळ. गुरुवारी रात्री मुक्कामाला या आणि सकाळी आठच्या आत बाजारात शिरा. अकरानंतर ऊन चढतं, गर्दी वाढते आणि गावाहून माल घेऊन आलेल्या बायका पाट्या रिकाम्या करून परतीच्या बसकडे निघालेल्या असतात.

मी आईचं बोट धरून या बाजारात जायला लागले, त्याला आता पन्नास वर्षं होऊन गेली. तिचा एक क्रम ठरलेला होता, तोच माझाही आहे. आधी केळ्यांची ओळ. तिथे मयड्याची केळी बघाल. जाड, लांब, एकेक केळं हातभर वाटावं असं. ही नुसती खाण्यापेक्षा तुपावर परतून खायची. शेजारी रसबाळी आणि साल्दाटी असतात, आई-वडिलांना प्रवासात खायला ती घ्या. मग भाजीवाल्या: तांबडी भाजी, आळसांदे, हंगाम असेल तर आगशीची वांगी. मग मडकी, सुकी मासळी, सोलं (आमसुलं) आणि शेवटी मिरची. चोरिसाच्या माळा टांगलेल्या दिसतील. डुकराच्या मांसाचं ते सॉसेज व्हिनेगर आणि मिरचीत मुरवलेलं असतं. खात असाल तर पावाबरोबर जरूर खाऊन बघा, नसाल तर नुसत्या वासावरूनही त्या ओळीची ओळख राहील.

मिरचीपाशी मात्र थांबा. पेडण्याकडची हरमलची मिरची आणि काणकोणकडची खोला मिरची, दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्यामुळे त्यांच्या नावाने काहीही विकलं जातं. भाचीच्या लग्नाआधी घाईत मी एका दुकानातून ‘हरमल’ अशी चिठ्ठी लावलेली दोन किलो मिरची उचलली. हुमणाला (माशाच्या आमटीला) ना रंग आला ना वास, नुसती जीभ भाजली. चाळीस माणसं जेवायला होती. त्या दिवसापासून मी मिरची फक्त जमिनीवर गोणपाट पसरून बसलेल्या बाईकडून घेते. ती एक मिरची देठाशी धरून कानाजवळ हलवते, आतल्या बिया वाजतात. मग मोडून हातावर चोळते आणि हात पुढे करते. “वास घे गो बाय, गांवठी आसा.” त्या वासात धूर नसतो, ओल नसते, ऊन असतं. तेवढं कळलं की पिशवी पुढे करा.

एक कळकळीची विनंती. जमिनीवर बसलेल्या भाजीवालीशी दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका. ती पहाटेच्या बसने आलेली असते. तिच्याशी दोन शब्द बोला, तीच वर मूठभर घालते.

बाजारातून बाहेर पडलात की भूक लागलेली असेलच. आमच्याकडे ‘हॉटेल’ म्हणजे चहा-भजी-पावाचं हॉटेल. तिथे सकाळी भाजी-पाव खायचा. मुंबईची पावभाजी डोक्यातून काढून टाका. इथे पातळ भाजी म्हणजे बटाट्याची, सुकी भाजी वेगळी, टोण्याक म्हणजे भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्याच्या वाटणातली कडधान्याची आमटी, आणि भाज्या एकत्र हव्या असतील तर ‘मिक्स’ म्हणायचं. बरोबर मिरचीभजी आणि गोडसर बन. पणजीत हेच खायला कॅफे भोसले किंवा कॅफे टाटो ही जुनी नावं आहेत. पावातही प्रकार आहेत: गव्हाच्या कोंड्याची पोकळ पोई, कडक कवचाचा उंडो, फुलपाखरासारखा कातरलेला कातरो, बांगडीसारखं कांकण. पहाटे आणि संध्याकाळी सायकलचा भोंगा वाजवत पोदेर (पाववाला) येतो. राहाल तिथे भोंगा ऐकलात तर खाली उतरा, पोई गरम असते.

दुसरा दिवस पणजीला द्या. म्हापशाहून तेरा किलोमीटर. बसस्थानकावर तिकीट काढून कदंबची (गोव्याची सरकारी बससेवा) विनाथांबा शटल पकडा. गाडी भाड्याने घेऊन पणजीत लावायला जागा शोधत बसलात तर अर्धा दिवस त्यातच जाईल. फोंताईन्हासच्या पिवळ्या-निळ्या घरांच्या गल्ल्या चालत बघा, पण ती लोकांची राहती घरं आहेत. उंबऱ्यावर उभं राहून फोटो काढू नका, दुपारी तिथली म्हातारी माणसं झोपलेली असतात. सेंट सेबॅस्टियनच्या कपेलात येशूची एक मूर्ती आहे. ती पूर्वी इन्क्विझिशनच्या (पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या) वाड्यात होती आणि तिचे डोळे उघडे आहेत. माझ्या वडिलांनी मला ती दाखवली तेव्हा फार काही सांगितलं नाही, नुसतं “डोळे बघ” म्हणाले. तुम्हीही बघा. तिथून महालक्ष्मीचं देऊळ चालत गाठता येतं. पोर्तुगीज अमलातच पणजीत उभं राहिलेलं ते देऊळ आहे.

वडिलांना वाचनाची आवड असेल तर पणजीच्याच पाटो भागातल्या मध्यवर्ती ग्रंथालयात एक तास काढा. 1832 साली सुरू झालेलं हे ग्रंथालय कृष्णदास शामा यांच्या नावाने आहे. गोव्यातल्याच केळशी गावच्या या कवीने सोळाव्या शतकात मराठीत कृष्णकथा रचली. मराठी पुस्तकांची कपाटं बघून घरच्यासारखं वाटेल.

संध्याकाळी मांडवीवर फेरीबोटीतून बेतीला जाऊन परत या. चालत जाणाऱ्याला पैसे लागत नाहीत. परतल्यावर गाड्यावरचं रस ऑम्लेट. कांदा घातलेल्या ऑम्लेटवर कोंबडीच्या शागोतीचा (मसालेदार रश्श्याचा) दाट रस ओततात, वर लिंबू, शेजारी पाव. दिवसा हे गाडे दिसत नाहीत, दिवे लागल्यावरच उभे राहतात.

तिसऱ्या दिवशी मडगाव. जुन्या वस्तीत फिरा, गांधी मार्केट बघा, सोलं-मसाले राहिले असतील ते घ्या आणि तिथूनच रेल्वे पकडा.


प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी. गोव्यात उपाशी राहू अशी भीती सगळे घालतात. – एक वाचक, जळगाव

उत्तर : भीती घालणाऱ्यांनी गोव्यातलं सोमवारचं जेवण पाहिलेलं नाही. इथल्या कितीतरी हिंदू घरांत सोमवारी आणि श्रावणभर मासळी शिजत नाही. त्या जेवणाला आमच्याकडे ‘शिवराक’ म्हणतात. हॉटेलात हाच शब्द वापरून विचारा, लगेच समजतील. खतखतें मिळालं तर सोडू नका. कंद, शेंगा, कच्ची केळी, मक्याचं कणीस अशा पुष्कळ भाज्या नारळाच्या वाटणात शिजवतात आणि शेवटी तेफळं घालतात. कांदा-लसूण नाही. तेफळाची जीभ झिणझिणवणारी चव एकदा लागली की घरी पुडी नेल्याशिवाय राहवत नाही. मोड आलेल्या मुगाच्या मुगागाठी, टोण्याक, सोलकढी, हे सगळं तुमचंच आहे. फक्त वर लिहिलेल्या रस ऑम्लेटचा रस कोंबडीचा असतो. अंडं चालत असेल तरी तिथे बसू नका.


प्रश्न : मी आणि माझे मित्र पंचविशीतले. गोव्याची रात्र म्हणजे क्लब आणि नदीतले कॅसिनो एवढंच ऐकलंय. त्यात आम्हाला रस नाही. मग रात्री करायचं काय? – एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचा प्रश्न वाचून मला फार बरं वाटलं. गोव्याची रात्र नाटकाची आहे आणि ते नाटक मराठीत होतं, हे महाराष्ट्रातल्या पंचविशीतल्या मुलांपर्यंत पोचलेलंच नाही.

कार्तिकापासून चैत्रापर्यंत गोव्यात कुठे ना कुठे जत्रा किंवा कालो असतोच. देवीची पालखी फिरते, पावणी म्हणजे देवाला वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव होतो, आणि रात्री देवळासमोरच्या रंगमंचावर पडदा उघडतो. तिकीट नाही. नट गावातलेच. दसऱ्यापासून तालमी चाललेल्या असतात. माझे वडील आमच्या गावच्या नाटकात ऑर्गन वाजवत, त्यामुळे माझं अर्धं बालपण पडद्याच्या मागच्या बाजूला गेलं. राजाचा जिरेटोप घातलेला माणूस दोन प्रवेशांच्या मध्ये पितळी पेल्यातून चहा पितोय, मिशी चहात बुडू नये म्हणून दोन बोटांनी वर धरलीय, आणि समोर नायिकेचं काम करणारे आमचे शिक्षक पदराची पिन लावताहेत. ही माझी नाटकाची पहिली आठवण. पद रंगलं की ‘वन्स मोअर’ येतो. मग कुणीतरी उठून रंगमंचापाशी जातो, नोट देतो आणि माईकवरून त्याचं नाव आणि बक्षिसाची रक्कम पुकारली जाते. पुढच्या चटईवर बसलेल्या आज्या गायकाच्या आधी पुढची ओळ म्हणत असतात.

दीनानाथ मंगेशकरांचा जन्म 1900 साली मंगेशीत झाला, पंडित जितेंद्र अभिषेकीही तिथलेच. केसरबाई केरकर केरीच्या, मोगूबाई कुर्डीकर कुर्डीच्या. एवढ्याशा मुलखातून हे गळे कसे आले, असं लोक विचारतात. मला वाटतं, देवळासमोर रात्रभर चालणारं हे गाणं पाळण्यापासून कानावर पडत होतं, म्हणून.

आता प्रत्यक्ष बेत. पौषात आमच्या म्हापशाला बोडगेश्वराची जत्रा भरते. शहरातच आहे, राहायला सोय आहे, रात्री उशिरापर्यंत खाज्याची आणि भज्यांची दुकानं उघडी असतात. खाजें म्हणजे गुळात आणि आल्यात घोळवलेल्या बेसनाच्या कांड्या, ताजी घ्या. माघात फोंड्याकडे कवळे, मंगेशी, म्हार्दोळ. होळीनंतर जांबावलीचा गुलाल, तिथे रोज रात्री नाटकं. पेडणे, डिचोली, सत्तरीच्या गावांत दशावतारी काला बघा: आधी गणपती, मोरावरून येणारी सरस्वती, मग काळा संकासुर नाचत येतो आणि लहान मुलं आईच्या कुशीत शिरतात. पहाटे दहीकाला फुटला की संपलं.

कुठल्या गावात कोणतं नाटक, हे कसं कळणार? गोव्याला पोचल्यावर सकाळी इथलं कोणतंही मराठी दैनिक विकत घ्या. गावोगावच्या जत्रांच्या बातम्या नाटकाच्या नावासकट छापून येतात. परतीच्या वाहनाची सोय मात्र आधीच करून ठेवा, मध्यरात्री बस नसते. अंगावर शाल घ्या, माघात दव पडतं. आणि मध्येच उठून जायचं असेल तर दोन अंकांच्या मध्ये उठा, गाणं चालू असताना नाही.


प्रश्न : कोंकणी येत नाही. मराठी बोललेलं लोकांना आवडतं का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : बिनधास्त बोला. कोंकणी 1987 पासून राजभाषा आहे आणि त्याच कायद्यात मराठीच्या वापरालाही जागा दिलेली आहे. यावरून इथे खूप वाद झाले, पण बाजारात तो वाद कोणी काढत नाही. “कितलें?” म्हणजे केवढ्याला आणि “देव बरें करूं” म्हणजे आभार. हे दोन शब्द शिकून या, समोरचा माणूस तिसरा शब्द स्वतःहून शिकवेल.


प्रश्न : शाळेच्या सुट्टीमुळे आम्हाला जून-जुलैतच जमतं. पावसात येऊन काही उपयोग आहे का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताज्या मासळीसाठी येणार असाल तर थांबा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. या दिवसांत ताटात येणारा मोठा मासा बहुतेक बाहेरचा किंवा बर्फातला. नदीतली आणि खाडीतली मासळी थोडीफार मिळते, वाट्यावर विकतात, विचारून घ्या. आमची घरं पावसाळ्यासाठी मे महिन्यातच पुरुमेंत भरून ठेवतात: सुके बांगडे, सुंगटं (कोळंबी), सोलं, चिंच, मिरची. पावसात उकड्या तांदळाची पेज आणि सुक्या सुंगटांची किसमूर खाल्लीत तर ताज्या मासळीची आठवण होणार नाही.

सुट्टी थोडी पुढे ढकलता आली तर नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी वास्कोला या. दामोदराचा भजनी सप्ताह त्या दिवशी सुरू होतो. चोवीस तास भजन अखंड चालतं, एक गट उठायच्या आत दुसरा टाळ हातात घेतो. बाहेर रस्ताभर दुकानांची फेरी भरते आणि रात्री वेगवेगळ्या मंडळांचे पार (मिरवणुका) निघतात, गायकांच्या बैठका होतात. छत्री आणि ओल्या झाल्या तरी चालतील अशा चपला आणा. पहाटे तीनला देवळात गर्दी कमी असते, तेव्हा आत जाऊन टाळकऱ्यांच्या मागे बसा.