फुर्नासचा भुट्टा

प्रश्न : मी ६४, हे ७०, गुडघे कुरकुरणारे. पोर्तुगालच्या अझोर्स द्वीपसमूहातल्या साऊं मिगेल बेटावर जायचं म्हणतोय. ज्वालामुखीची भीती बाळगावी का? आणि शाकाहारी माणसानं तिथं खायचं काय? – एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, आपलं माळव्याचं पठारही थिजलेला लाव्हाच, आणि आपण त्यावर निवांत झोपतो! काळजी करायची तर पावसाची. तिथं एका दिवसात चारही ऋतू होतात, म्हणून रेनकोट हाताशीच ठेवा. सेते सिदादेशची जोडतळी बघायला डोंगर चढावा लागत नाही, गाडी थेट वर जाते. फुर्नास गावी जमिनीच्या वाफेवर सहाएक तास शिजणारं 'कोझिदू' प्रसिद्ध, पण ते मांसाचं. तुम्ही गरम झऱ्यात उकडलेला भुट्टा घ्या. आपल्या इंदूरच्या सराफा बाजारातल्या भुट्ट्याच्या किसाची सर नाही, उगाच खोटं कशाला बोलू? शिवाय गोरेआनाचा चहा आहे, १८८३ पासूनचा मळा. फुर्नासच्या गरम कुंडांतलं लोहयुक्त तांबूस पाणी कपड्यांना डाग पाडतं, तेव्हा डुंबायला जुनेच कपडे न्या. बेट पोर्तुगालचं, म्हणून शेंगेन व्हिसा लागेल आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमाही. लिस्बनला विमान बदलताना एक रात्र मुक्काम करा, यांचे गुडघे दुवा देतील.