नवीन आणलेले पी पफर काहीच खात नाहीत, काय करू?

तुम्ही लिहिलंय की नेरुळच्या घरी चार दिवसांपूर्वी पाच पी पफर, म्हणजे ते चिमुकले फुगणारे मासे, आणलेत, ते मागच्या काचेला लागून सारखे वरखाली करतात आणि पेलेट टाकले तर ढुंकूनही बघत नाहीत. मी ठाण्यात बरीच वर्षं हाच मासा पाळतोय. सगळ्यात आधी पेलेट बंद करा आणि तळाला पडलेले आजच नळीने ओढून काढा. ते सडून पाण्यात अमोनिया वाढतो, आणि अमोनियापुढे हा मासा फार नाजूक आहे.

तुमचे मासे रुसलेले नाहीत की बहुधा आजारीही नाहीत. हा मासा डोळ्यांनी शिकार करतो, आणि जे हलत नाही ते त्याच्या लेखी अन्नच नसतं. तो मूळचा केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या नद्यांमधला. दुकानात येणारे बहुतेक थेट नदीतून पकडलेले असतात, त्यामुळे पेलेट हा प्रकार त्यांनी कधी पाहिलेलाच नसतो. निसर्गसंवर्धनाचं काम करणाऱ्या आययूसीएन या जागतिक संस्थेच्या लाल यादीत तो असुरक्षित गटात आहे. म्हणून मला मनापासून वाटतं, की एकदा घरी आणलाय तर तो जगलाच पाहिजे.

काचेला लागून वरखाली करणं हे बहुतेक वेळा उघड्यावर पडल्यासारखं वाटण्याचं लक्षण. टाकीत झाडं भरा: हायड्रिला, जावा मॉस, वर तरंगणारं काहीतरी. एका माशाला दुसरा सतत दिसणार नाही इतकी दाटी हवी. फिल्टरचा झोत काचेकडे वळवा, लाइट दोन दिवस बंदच ठेवा. पाच माशांना चाळीस लिटरच्या आतली टाकी पुरणार नाही. आणि टाकी सायकल झालेली नसेल, म्हणजे फिल्टरमध्ये जिवाणू बसलेले नसतील, तर अमोनियाचं टेस्ट किट आणून रोज बघा आणि थोडं थोडं पाणी बदला. नळाचं पाणी अँटिक्लोरिन घातल्याशिवाय टाकू नका. दुकानदाराने मीठ घालायला सांगितलं असेल तर तेही नको. मचूळ पाणी लागणारे पफर वेगळे, हा पूर्ण गोड्या पाण्यातला आहे. हीटरची चिंता आपल्याकडे फारशी नाही, २४ ते २८ अंश त्याला मानवतं. थंडीतल्या काही रात्री आणि मे महिन्यातल्या दुपारी मात्र थर्मामीटर बघत जा.

आता खाणं. सुरुवात पाण्यातल्या छोट्या गोगलगायींनी करा. टाकीतली झाडं विकणाऱ्या दुकानात त्या नको इतक्या झालेल्या असतात, मागितल्या तर बरेचदा फुकट देतात. माशाच्या डोळ्याएवढ्या किंवा जराशा मोठ्या निवडा. लांब शंकूसारख्या टणक कवचाच्या घेऊ नका, त्याने दात दुखावू शकतात. दहाबारा सोडा आणि टाकीपासून लांब बसून बघा. मासा एका जागी तरंगत थांबतो, एक डोळा गोगलगायीवर आणि दुसरा भलतीकडेच फिरत असतो. मग शेपटी बाजूला मुडपतो, अंग पुढे कलवतो, आणि गोगलगायीने कवचाबाहेर मान काढली रे काढली की टक्कन चावा! हे एकदा दिसलं की अर्धी काळजी मिटली.

त्याच आठवड्यात फ्रोझन ब्लडवर्म, म्हणजे गोठवलेल्या लाल अळ्या, सुरू करा. तुकडा टाकीच्याच पाण्यात वाटीत विरघळवा आणि ड्रॉपरने एकेक अळी झाडांजवळ हळू सोडा, म्हणजे ती पडताना वळवळल्यासारखी दिसते. पाच मिनिटांत उरलेलं काढून टाका. जिवंत डाफ्निया (पाण्यातले उड्या मारणारे बारीक जीव) मिळाले तर फारच उत्तम. दुकानातले जिवंत ट्युबिफेक्स, म्हणजे बारीक लाल किडे, मी देत नाही, ते घाण पाण्यातून येतात आणि सोबत रोग आणतात. डासांच्या अळ्या हे त्यांचं आवडतं खाणं खरं, पण बाल्कनीत बादली भरून त्या वाढवू नका. सोसायटीत डेंग्यू पसरला तर कुठल्याही माशापेक्षा ते महाग पडेल.

मासा खातोय की नाही ते पोटावरून ओळखा. बाजूने बघितल्यावर पोट गोल दिसलं तर चारसहा दिवस न खाल्लेल्याचं मनाला लावून घेऊ नका. पोट आत गेलेलं असेल, किंवा खाऊनही भरत नसेल आणि विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी असेल, तर आतड्यात जंत असण्याची शक्यता मोठी. नदीतून आलेल्या माशांत हे नेहमीचं आहे. असा मासा कपात घेऊन वेगळ्या टाकीत हलवा. जाळीने बाहेर काढला तर घाबरून हवा गिळतो, आणि ती बाहेर टाकणं त्याला जड जातं. जंतांवर लेव्हामिसोल किंवा प्राझिक्वांटेल वापरतात, पण मात्रा माशांचं कळणाऱ्या पशुवैद्याला विचारूनच ठरवा. सरसकट निळं औषध (मिथिलीन ब्लू) ओतू नका, त्याने पोटातले जंत जात नाहीत.

चार खातात आणि एक कोपऱ्यातच, असं असेल तर दांडगाई बघा. मोठ्या नराच्या पोटाखाली मधोमध काळसर रेघ असते आणि डोळ्यांमागे सुरकुत्या. असे दोनतीन असतील तर दोन टोकांना एकाच वेळी खायला घाला. तरी भागलं नाही तर दांडगा नर वेगळा ठेवा.

गोगलगायींसाठी मात्र एक बरणी कायमची लावाच. उकडलेली पालकाची पानं किंवा दुधीची चकती घातली की त्या भराभर वाढतात. आपल्या धरणाच्या पाण्यात क्षार कमी, त्यामुळे त्यांची कवचं पांढुरकी पडून झिजतात. पोपटांचं खाणं विकणाऱ्या दुकानात माकुळाचं पांढरं हाड मिळतं, त्याचा तुकडा बरणीत टाका. गणपतीला दोनतीन दिवस गावी जायचं झालं, तर निघताना मूठभर गोगलगायी टाकीत सोडल्या की शेजाऱ्यांना किल्ली द्यायची गरज पडत नाही. फक्त यंदा, मासे नवीन असताना, घरी कोणीतरी असू द्या.