ओळ डोळ्यांना दिसते, पण शोधल्यावर सापडत नाही: डेबियन 9 वरून 10 वर नेलेला पोस्टग्रेस

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ग्राहकांच्या टेबलात ‘एबी-1042’ हा कोड दिसतो, पण त्याच कोडवर क्वेरी मारली की शून्य ओळी येतात. इतर बरेच कोड मात्र नीट सापडतात. गेल्या आठवड्यात पोस्टग्रेस डेटाबेसचा सर्व्हर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) 9 वरून 10 वर गेला, डेटा डिरेक्टरी (डेटाबेसच्या फाइल्सचं फोल्डर) जशीच्या तशी कॉपी केली, प्रोग्रॅमला हात लावलेला नाही. मजकुरात एखादं अदृश्य अक्षर घुसलंय का, अशी तुम्हाला शंका आहे.

मला तसं वाटत नाही. आधी खात्री करून घ्या. डेटाबेसच्या एका सेशनमध्ये इंडेक्स (पटकन शोधण्यासाठीची यादी) वापरून शोधण्याच्या पद्धती, म्हणजे इंडेक्स स्कॅन, इंडेक्स ओन्ली स्कॅन आणि बिटमॅप स्कॅन, तिन्ही बंद करा आणि तीच क्वेरी पुन्हा चालवा. आता ओळ आली तर मजकूर स्वच्छ आहे, बिघाड इंडेक्समध्ये आहे.

मूळ कारण जीलिबसी, म्हणजे लिनक्सची मूलभूत सी लायब्ररी. मजकुराचा क्रम कसा लावायचा हे पोस्टग्रेस सहसा या लायब्ररीला विचारतो. डेबियन 9 मध्ये ती 2.24 होती, 10 मध्ये 2.28 आहे. ऑगस्ट 2018 मध्ये आलेल्या 2.28 मध्ये क्रमवारीचे तक्ते मोठ्या प्रमाणावर बदलले. जुनी लायब्ररी पहिल्या फेरीत हायफन धरतच नव्हती, नवी धरते. दोन्ही मशीनवर ‘1-1’ आणि ‘11’ या दोन ओळी एन_यूएस यूटीएफ-8 लोकेल (भाषेनुसार क्रम ठरवणारी सेटिंग) लावून सॉर्ट कमांडला द्या: जुन्यावर आधी 11 येईल, नव्यावर आधी 1-1.

इंडेक्स म्हणजे आधीच क्रमाने लावून ठेवलेली यादी. समजा, शब्दकोश छापणाऱ्याने ‘क्षमा’ हा शब्द ह, ळ नंतर अगदी शेवटी ठेवला आणि शोधणारा तो ‘क’मध्ये शोधतोय. शब्द पुस्तकात आहे, तरी तो ‘नाही’ म्हणून पुस्तक मिटणार. तुमची डिस्कवरची यादी जुन्या क्रमाने लागलेली आहे आणि शोध नव्या क्रमाने चाललाय.

यातला खरा धोका न सापडणाऱ्या ओळींचा नाही, दुबार ओळींचा आहे. युनिक इंडेक्सलाही (तोच कोड दोनदा येऊ न देणाऱ्या) जुनी नोंद दिसत नाही, त्यामुळे तोच कोड दुसऱ्यांदा बिनदिक्कत आत जातो. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत लिखाण थांबवा.

मग फाइल पातळीवरचा बॅकअप घ्या आणि एमचेक हे इंडेक्स तपासणारं एक्स्टेन्शन टाकून मजकुराचे बी-ट्री (नेहमीच्या प्रकारचे) इंडेक्स तपासा. पोस्टग्रेस 11 पासून त्यात ‘हीप ऑल इंडेक्स्ड’ हा टेबलातली प्रत्येक ओळ इंडेक्समध्ये आहे का ते पाहणारा पर्याय आहे, तो चालू ठेवा. पूर्णांकांवरचे इंडेक्स सोडून द्या, त्यांना काही झालेलं नाही. ‘सी’ कोलेशनचेही (कोलेशन म्हणजे क्रम लावायचा नियम; ‘सी’ फक्त बाइट पाहतो) ठीक असतात.

रीइंडेक्स करण्याआधी (म्हणजे इंडेक्स नव्याने बांधण्याआधी) दुबार ओळी शोधा: कोडवर ग्रुप बाय, काउंट एकापेक्षा जास्त. ही क्वेरीसुद्धा वरचे तिन्ही स्कॅन बंद ठेवूनच चालवा, नाहीतर ती त्याच बिघडलेल्या इंडेक्सवरून जाईल आणि ‘दुबार काही नाही’ असं खोटं उत्तर देईल. सापडलेल्या जोडीतली कोणती ओळ ठेवायची हे हाताने ठरवा, कारण नव्या ऑर्डर एकीला आणि जुन्या दुसरीला जोडलेल्या असू शकतात. हे न करता रीइंडेक्स चालवलंत तर युनिक इंडेक्स तयार करता येत नाही म्हणून ते मध्येच थांबेल.

रीइंडेक्सपूर्वी मेंटेनन्स वर्क मेमरी (अशा कामांना मिळणारी मेमरी) वाढवा. मुळातले 64 एमबी मोठ्या टेबलाला फार कमी पडतात. साइट बंद ठेवणं शक्य नसेल तर पोस्टग्रेस 12 पासून टेबल वापरात असतानाच रीइंडेक्स करणारा ‘कॉन्करंटली’ पर्याय आहे, पण दुबार ओळी साफ झाल्यावरच. मजकुराच्या कॉलमवर रेंज पार्टिशन (मूल्यांच्या टप्प्यांनुसार टेबलाचे तुकडे) असेल तर ओळी चुकीच्या पार्टिशनमध्ये असू शकतात. ते रीइंडेक्सने सुटत नाही, त्या ओळी काढून पुन्हा घालाव्या लागतात.

एक सावधगिरी. पोस्टग्रेस 15 पासून डेटाबेस कोलेशनची आवृत्ती नोंदवून ठेवतो आणि ती जुळली नाही की कनेक्ट होताना इशारा देतो. तो बंद करायला ‘रिफ्रेश कोलेशन व्हर्जन’ चालवा असं बरेच जण सांगतात. ती कमांड फक्त नोंदवलेला आकडा बदलते, इंडेक्सला स्पर्शही करत नाही. आधी रीइंडेक्स, मगच ती.

पुढच्या वेळी डेटा पीजी-डंपने (डेटा फाइलमध्ये काढणारा प्रोग्रॅम) काढून नव्या सर्व्हरवर भरा, म्हणजे इंडेक्स तिथेच नव्याने बनतात. पीजी-अपग्रेड (आवृत्ती जागच्या जागी बदलणारा प्रोग्रॅम) किंवा स्ट्रीमिंग रेप्लिका (सर्व्हरची सतत अद्ययावत होणारी प्रत) वापरलीत तर जुने इंडेक्स तसेच पुढे जातात. डॉकर (तयार इमेजमधून प्रोग्रॅम चालवणारं साधन) वापरणाऱ्यांनीही इमेजचा टॅग बदलताना आत कोणतं डेबियन आहे ते पाहावं: पोस्टग्रेसची मुख्य आवृत्ती तीच राहूनही खालची जीलिबसी बदललेली असू शकते.