घरी बांधलेल्या लाकूड कोरण्याच्या राउटरची मोटर आणि ड्रायव्हर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही खानापुरात सागवानाचे देव्हारे आणि दारांच्या चौकटी करतो. नक्षीकामासाठी घरीच तीन अक्षांचे संगणकचालित राउटर यंत्र बांधले आहे. त्यात आर्डुइनो ऊनो या छोट्या नियंत्रक बोर्डावर जीआरबीएल (यंत्राची हालचाल चालवणारी संगणक-प्रणाली), मोटरींना करंट देणारे टीबी६६०० जातीचे तीन ड्रायव्हर, पायरीपायरीने फिरणाऱ्या नेमा २३ स्टेपर मोटरी, ३६ व्होल्टचा एसएमपीएस (वीजपुरवठा) आणि ५ मिलिमीटर पिचचे (एका फेऱ्यात अक्ष ५ मिलिमीटर सरकवणारे) बॉलस्क्रू आहेत. उठावाची नक्षी कोरताना काम जसजसे पुढे जाते, तसतसा वाय अक्ष एकाच बाजूला सरकत जातो आणि शेवटी मिलिमीटरभर फरक पडतो. वेग निम्मा केला, त्याच जातीचा नवा ड्रायव्हरही लावला, तरी फरक तितकाच राहतो. चतुर्थीच्या मखरांची कामे तोंडावर आहेत. आता मोठी मोटर घ्यावी काय?
— एक सुतार वाचक, खानापूर

उत्तर : मोटरीवर एवढ्यात पैसे घालू नका. आपल्या पत्रात तीन गोष्टी फार मोलाच्या आहेत : सरक एकाच बाजूला होते, वेग कमी करूनही ती घटत नाही आणि ड्रायव्हर बदलूनही ती तशीच राहते. मोटर अशक्त असेल तर स्टेप, म्हणजे फिरण्याच्या पायऱ्या, चुकतात त्या बहुधा वेग वाढताना किंवा कटर लाकडात खोल रुतल्यावर, आणि चुकतात त्याही थोड्याथोड्या नव्हे. रोटर (मोटरीचा फिरणारा भाग) एकदा निसटला की तो चार पूर्ण स्टेपच्या पटीतच दुसऱ्या जागी बसतो. चार स्टेप म्हणजे ७.२ अंश, आणि आपल्या स्क्रूवर ते ०.१ मिलिमीटर होतात. म्हणजे अशक्त मोटरीचा फरक ०.१ मिलिमीटरच्या झटक्यांनी पडतो; आपला फरक मात्र हळूहळू साचत जाणारा आहे.

आधी मोटर आणि स्क्रू यांना जोडणाऱ्या कपलिंगवर व दोन्ही शाफ्टवर मार्करने एक सरळ रेघ ओढून ठेवा. तासभर काम झाल्यावर रेघ तुटलेली दिसली तर ग्रब स्क्रू (कपलिंग शाफ्टवर आवळणारा) सैल आहे आणि इलेक्ट्रॉनिक्सचा त्यात काही दोष नाही. रेघ जागेवर असेल तर वाय अक्षाला डायल गेज (बारीक सरक दाखवणारे काट्याचे मापक) लावून दोन चाचण्या घ्या. पहिलीत अक्ष १० मिलिमीटर पुढे नेऊन मागे आणायचा, असे २०० वेळा करायचे. दुसरीत २०० मिलिमीटर पुढे नेऊन मागे आणायचा, असे १० वेळा करायचे. दोन्ही चाचण्यांत एकूण प्रवास ४००० मिलिमीटरच होतो, पण दिशा बदलण्याची संख्या वीसपट कमी-जास्त असते. फरक जवळजवळ फक्त पहिल्या चाचणीत पडला, तर दोष अंतरात नसून दिशा बदलण्याच्या क्षणात आहे, हे निश्चित समजावे. मला हाच निकाल अपेक्षित आहे, कारण उठावाच्या नक्षीत कटर एका अक्षाच्या दिशेने सतत पुढे-मागे फिरतो आणि आपल्या यंत्रात तो अक्ष वाय असावा. कोरण्याची दिशा बदलून एक्स केली आणि सरकही एक्सवर गेली, तर शंकेला जागाच उरणार नाही.

हे का घडते ते समजून घेण्यासारखे आहे. ड्रायव्हरला दिशेचा सिग्नल आधी मिळावा लागतो आणि स्टेपचा पल्स (एक स्टेप टाकायला सांगणारा विजेचा ठोका) त्यानंतर काही मायक्रोसेकंदांनी यावा लागतो. जीआरबीएल मात्र दिशा बदलून जवळजवळ लगेच पल्स देते. त्यात ड्रायव्हरच्या आत असलेला ऑप्टोकपलर (प्रकाशाच्या साहाय्याने सिग्नल पुढे देणारा भाग) चालू जितका झटकन होतो तितका झटकन बंद होत नाही. त्यामुळे एका बाजूला वळताना दिशा वेळेवर पोहोचते, पण दुसऱ्या बाजूला वळताना पहिली स्टेप जुन्याच दिशेने पडते आणि पुढे-मागे अशा एका फेरीमागे दोन मायक्रोस्टेपचा (पूर्ण स्टेपच्या लहान तुकड्यांचा) फरक राहतो. एका स्टेपचे ८ मायक्रोस्टेप केले असतील तर स्क्रूच्या एका फेऱ्याला १६०० आणि एका मिलिमीटरला ३२० मायक्रोस्टेप होतात. दोन मायक्रोस्टेप म्हणजे ०.००६२५ मिलिमीटर, आणि पुढे-मागे अशा २०० फेऱ्यांत त्याचे १.२५ मिलिमीटर होतात. नवा ड्रायव्हर लावूनही सरक तशीच राहिली ती यामुळेच, कारण जुना ड्रायव्हर बिघडलेलाच नव्हता.

उपाय बिनखर्ची आहे. जीआरबीएलमधील $२ ही सेटिंग स्टेप पल्स उलटा करते. ती शून्यावर असेल तर ७ करा, म्हणजे तिन्ही अक्षांचे पल्स उलटतील आणि ड्रायव्हर पल्सच्या सुरुवातीऐवजी शेवटी हलेल. $० मध्ये पल्सची लांबी मूळच्या १० मायक्रोसेकंदांवरच असेल, तर दिशेला तेवढी उसंत मिळते. ड्रायव्हरचे धन टोक ५ व्होल्टला जोडून सिग्नल ऋण टोकावर दिला असेल, तर मात्र हिशेब उलटा होतो आणि तेथे $२ शून्यच हवी. बदल केल्यावर तीच पहिली चाचणी पुन्हा घ्या आणि गेजचा काटा शून्यावर परतला तरच मखराच्या कामाला हात घाला.

प्रश्न : घरच्या गॅरेजमध्ये बांधलेल्या यंत्रावर २.२ किलोवॉटचा स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) व्हीएफडीवर, म्हणजे वेग कमी-जास्त करणाऱ्या वीज-नियंत्रकावर, चालतो. स्पिंडल सुरू केला की अक्ष जागेवर असतानाही यंत्र अलार्म १ देऊन थांबते. लिमिट स्विच (अक्ष टोकाला पोहोचल्याचे सांगणारे) नवे घातले, तरी तेच होते.
— एक टर्नर वाचक, उद्यमबाग, बेळगाव

उत्तर : अलार्म १ म्हणजे लिमिट स्विच दाबला गेल्याचा समज यंत्राने करून घेतला आहे. व्हीएफडी व्होल्टेजचे अतिशय वेगाने तुकडे करतो आणि त्याचा गोंगाट शेजारून जाणाऱ्या लांब तारांत उतरतो. आर्डुइनोच्या आतील पुल-अप रोध (इनपुटला ५ व्होल्टकडे ओढून धरणारा) २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे फारच दुबळा असल्यामुळे असा गोंगाट त्याला सहज हलवतो. खात्री करून घेण्यासाठी लिमिटच्या तारा बोर्डापाशी सोडून, पिना मोकळ्या ठेवून, स्पिंडल चालवा; अलार्म गेला तर गोंगाट तारांतूनच येत होता.

त्यानंतर स्पिंडलची केबल शील्ड (तारांभोवतीचे धातूचे आवरण) असलेली घ्या, तिची शील्ड अर्थला नीट बांधा आणि लिमिटच्या तारा तिच्यापासून दूर न्या. दोन्ही एकाच ड्रॅग चेनमधून (तारा सांभाळणाऱ्या लवचिक साखळीतून) नेण्याची सवय आपल्याकडे सर्रास दिसते आणि निम्म्या तक्रारी तेथेच जन्मतात, असे माझे मत आहे. स्विच नॉर्मली क्लोज्ड पद्धतीने (एरवी जोडलेला, दाबल्यावर तुटणारा) जोडून $५ ही लिमिटचा सिग्नल उलटा करणारी सेटिंग बदला; त्यामुळे तार तुटली तरी यंत्र थांबते. प्रत्येक इनपुटवर ५ व्होल्टपर्यंत १ किलोओहमचा पुल-अप आणि ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्या. एवढ्याने भागले नाही, तर स्विचना वेगळा २४ व्होल्टचा पुरवठा देऊन मध्ये ऑप्टोकपलर बसवा.

$२१ ही लिमिटवर यंत्र थांबवणारी सेटिंग शून्य करून अलार्म कायमचा बंद करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो कृपया मानू नका. जुन्या घरांत अर्थिंग नावापुरतीच असते, म्हणून ती इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, आणि न्यूट्रलला अर्थ म्हणून कधीही वापरू नका. पुरवठा तोडल्यावरही व्हीएफडीचे कपॅसिटर काही मिनिटे भरलेले राहतात, तेव्हा झाकण उघडण्याआधी किमान दहा मिनिटे थांबा.

प्रश्न : मोटर हात लावू नये इतकी तापते, म्हणून चालू यंत्रातच तिचा कनेक्टर काढला आणि ड्रायव्हर जळाला. मोटरही गेली असेल काय?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : बहुधा नाही. स्टेपर मोटर थांबलेली असतानाही पूर्ण करंट घेते, त्यामुळे ती तापतेच, आणि बाहेरून सुमारे ८० अंशांपर्यंतचे तापमान बहुतेक मोटरींना चालते. ड्रायव्हर जळाला तो कनेक्टर काढल्यामुळे : वाहता करंट अचानक तुटला की कॉइल उंच व्होल्टेजचा झटका देते आणि तो ड्रायव्हरच्या ट्रान्झिस्टरना सोसत नाही. नवा ड्रायव्हर लावण्याआधी मल्टिमीटरने दोन्ही कॉइलचा रोध मोजा. तो काही ओहमच्या आत आणि दोन्हीकडे सारखा असावा, आणि कोणतीही तार मोटरीच्या अंगाला लागलेली नसावी. लागलेली आढळली तर ती मोटर लावू नका, नाहीतर नवा ड्रायव्हरही जाईल. ड्रायव्हरवरील करंटचे स्विच मोटरीच्या पाटीवरील आकड्यापेक्षा थोडे खालीच ठेवा.