आधी पोलीस ठाणे की आधी रुग्णालय?

मैत्रिणीवर परवा रात्री अत्याचार झाला आहे, तक्रार करायची की नाही हे तिचे अजून ठरलेले नाही, तोवर रुग्णालयात जाण्यासाठी थांबावे का, असे आपण विचारले आहे. थांबू नका. तक्रार नंतरही करता येते, औषधांची वेळ मात्र निघून जाते.

२०१९ मध्ये माझ्या मावसबहिणीवर शुक्रवारी रात्री अकराच्या सुमारास हा प्रसंग ओढवला आणि रविवारी सकाळी तिने मला फोन केला. मी तिला अंधेरीहून दादरला आमच्या घरी आणले. दादाचे म्हणणे असे की, आधी तक्रारीचे ठरवू, मग दवाखाना, कारण एकदा कागद झाला की माघार नाही. दिवसभर बाहेरच्या खोलीत चार मोठी माणसे तिचे ठरवत होती आणि ती स्वयंपाकघरात सिलिंडरशेजारी गुडघे पोटाशी धरून बसली होती. तिची सलवार मावशीने तोपर्यंत बादलीत भिजत घातली होती.

रात्री साडेदहाला जवळच्या खासगी रुग्णालयात गेलो, तर काउंटरवरून उत्तर आले, "पोलीस केस आहे, आधी एफआयआर आणा." दादा म्हणाला, "बघ, मी काय सांगत होतो." असे उपचार नाकारणे हा २०१३ पासून गुन्हा आहे, त्याला एक वर्षापर्यंत कैद आहे, हे तेव्हा आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने तातडीने आणि विनामूल्य उपचार केलेच पाहिजेत. आज ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ मध्ये आहे.

तिथून महापालिकेच्या रुग्णालयात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आधी दादाला आणि मावशीला बाहेर काढले, मग बहिणीला प्रत्येक तपासणी समजावून सांगितली आणि प्रत्येक तपासणीसाठी वेगळी संमती विचारली. धनुर्वाताचे इंजेक्शन, कावीळ बी ची लस, गर्भधारणा टाळणारी गोळी आणि एचआयव्ही प्रतिबंधक औषधाचा पहिला डोस तिला मिळाला तेव्हा सोमवारचा दीड वाजला होता. हे शेवटचे औषध ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितके चांगले, सुरू करून २८ दिवस घ्यावे लागते. आमचे ५० तास उलटून गेले होते, त्यातले निदान बारा आमच्या चर्चेत. आम्ही वेळेत पोहोचलो असे दादा आजही सांगतो. मला ते मान्य नाही. ते तास त्याचे नव्हते, तिचे होते.

कपडे धुतले असले तरी वाळवून, प्लास्टिकमध्ये न घालता कागदात गुंडाळून आणा, असे डॉक्टरांनी सांगितले. अंघोळ झाली म्हणून तपासणी टाळू नका. कोणी 'टू फिंगर टेस्ट', म्हणजे योनीमार्गात दोन बोटे घालून केली जाणारी तपासणी, करू लागले तर स्पष्ट नकार द्या. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी ठरवले आहे.

दादाच्या भीतीत एक गोष्ट खरी होती, तीही सांगते. रुग्णालय पोलिसांना कळवतेच. मात्र सज्ञान स्त्री 'मला सध्या तक्रार द्यायची नाही' असे लिहून देऊ शकते आणि त्यामुळे उपचार थांबत नाहीत. मैत्रीण अठराच्या आतली असेल तर मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणे बंधनकारकच आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिकेचे 'दिलासा' केंद्र आहे, तिथे समुपदेशक भेटतात. महिलांसाठी १८१ ही मदतवाहिनीही आहे.

ती अजून त्याच कपड्यांत असेल तर ते पुरावा म्हणून ठेवून घेतले जातील. दुसरा जोड बरोबर घेऊन निघा.